साठा क्रमांक एकशे सतरा

भाद्रपदातल्या एका मंगळवारी उंबरकर मास्तरांनी गोळी घेतली, बारा दिवसांत त्यांच्या अंगातलं नऊ लिटर पाणी निघून गेलं आणि ते वाचले. धामणखेडच्या दवाखान्यात सगळ्यांना बरं वाटलं. त्यानंतर मास्तरांच्या पायाला कोणाचाही हात लागला नाही.

तूर्तास यातलं काहीच झालेलं नाही. तूर्तास वैशाख आहे, मास्तरांचे पाय स्टुलावर आहेत आणि जिन्यावर पाणीखात्याचा पाटकरी कैलास तायडे याच्या चपलांचा आवाज येतो आहे.

तायडे दारापाशी थांबला. दारावर निळी पत्र्याची पाटी होती : ‘साठा क्रमांक ११७. क्षमता अकरा लिटर. येथे पोहणे, कपडे धुणे व जनावरे धुणे यांस सक्त मनाई आहे.’ पाटी स्वच्छ ठेवणं हा तायडेच्या कामाचा भाग होता. त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली, ‘जनावरे’वर जरा जास्त वेळ घालवला आणि आत आला.

“काय मास्तर, भरलात की आटलात?”

“बघ की. त्याचाच तर पगार घेतोस.”

तायडे जमिनीवर बसला. मास्तरांचा डावा पाय त्याने मांडीवर घेतला, घोट्याच्या वर चार बोटं मोजली आणि नडगीवर अंगठा रोवला. मनातल्या मनात दहापर्यंत मोजून अंगठा काढला. तिथे चिंचोक्याएवढा खळगा पडला होता. दोघंही त्या खळग्याकडे बघत बसले. खळगा सावकाश भरत आला, जसं काही त्याला कुठे जायचं नव्हतं.

“अडतीस सेकंद,” तायडे म्हणाला. “मागच्या खेपेला बत्तीस होते.”

“म्हणजे पाऊस चांगला झाला.”

“वैशाखात?”

“माझ्याकडे झाला.”

तायडेने वहीत आकडा लिहिला. या सगळ्याला अंगठामाप म्हणत, आणि ते समजायचं तर अठरा वर्षं मागे जावं लागेल.

लागोपाठ तीन कोरड्या वर्षांनंतर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की धरणाला झाकण नसतं. पाणी साठवायचं आपण आणि प्यायचं उन्हाने. मग झाकण असलेलं, उन्हातून आपणहून सावलीत जाणारं एखादं भांडं मिळतं का, असा शोध सुरू झाला, तेव्हा ते भांडं शोधणाऱ्यांच्याच खुर्च्यांवर बसलेलं निघालं.

माणसाच्या कातडीखाली एक मऊ जाळं असतं. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती जसा बुळबुळीत फुगा धरतो, तशी त्याची जात; पाणी धरून ठेवायचं. शास्त्रज्ञांनी एक लस काढली. ती टोचली की पायातलं हे जाळं दाट होई आणि रक्तावर भार न टाकता दहा-अकरा लिटर जादा पाणी धरी. या वाढीव जाळ्याला लोक सरळ ‘सब्जा’च म्हणू लागले. पावसाळ्यात माणसं पोटभर पाणी आणि चिमूटभर जास्त मीठ घेत, ती भरणी. उन्हाळ्यात एक गोळी घेत, ती सोडणी. गोळी काही नवी नव्हती. रक्तदाब आणि पायांची सूज यांसाठी आपले आजोबा घेत तीच, पाण्याची गोळी. मूत्रपिंड एरवी रक्तातलं मीठ गाळतं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा आत ओढून घेतं. गोळी त्याचा तो ओढणारा हात धरून ठेवते. मग मीठ बाहेर पडतं, आणि पाणी मिठाच्या मागे जातं. पुढचं काम मोरीत बसवलेलं शुद्धीयंत्र करी, आणि त्याविषयी लोक जेवताना बोलत नसत.

कायद्याने जिथे पाच लिटरांहून जास्त पाणी साठतं तो जलसाठा, आणि जलसाठा म्हटला की खातं आलं. देहसाठा खातं निघालं. नव्या खात्याला नियमावली लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने पाझर तलावांची जुनी नियमावली उचलली आणि ‘तलाव’ खोडून ‘इसम’ लिहिलं. काही ठिकाणी खोडायचं राहून गेलं.

म्हणून पाटी. म्हणूनच पहिल्या भरणीनंतर जलपूजन : सभापती आले, त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि खणानारळाने ओटी भरली. मास्तर तेव्हा त्रेपन्न वर्षांचे, चित्रकलेचे शिक्षक, बिनलग्नाचे. नारळाची त्यांनी वडी केली. खणाचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तो अजून ट्रंकेत आहे. पुढच्या वर्षी मासेमारीचा लिलाव कधी आहे, अशी चौकशी करणारं पत्र आलं. मास्तरांनी मासे नसल्याचं सविनय कळवलं. आणि म्हणूनच अंगठामाप. नियम चौदा : ‘भरावाची मऊ जागा पाटकऱ्याने पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष स्थळी जाऊन हाताने दाबून पाहावी.’ यंत्राने माप घेता आलं असतं. पण नियमात हात होता.

सहा वर्षांपूर्वी समुद्राचं गोडं केलेलं पाणी नळाने धामणखेडला आलं आणि योजनेची गरज संपली. तायडेच्या हद्दीतले तीनशे चाळीस साठे एकामागून एक मोकळे झाले. एका पाटीचा कोणीतरी पिंजऱ्याला तळ केला आणि त्यामुळे पोपटाला पोहायला मनाई झाली. शेवटी साठा क्रमांक एकशे सतरा तेवढा राहिला. साठ्यात पाणी आहे तोवर पाटकऱ्याने जायचं, असा नियम. तायडे मंगळवार आड मंगळवार येत राहिला.

गोळी आपल्याला लागू पडत नाही, असं मास्तर सांगत. लागू पडायला ती आधी गिळावी लागते. दर महिन्याला मिळणाऱ्या गोळ्या ते खडूंच्या डबीत टाकत. पांढऱ्या खडूंत पांढऱ्या गोळ्या. एकदा त्यांनी गोळीने फळ्यावर रेघ ओढून पाहिली, रेघ आली नाही.

असं ते का करत, यात काही गूढ नव्हतं. धामणखेडमध्ये माणसाला माणसाचा हात लागायच्या जागा एकेक करून बंद झाल्या होत्या. केस यंत्र कापे. ते सुरेख कापे आणि मान वाकवायची झाली तर ‘कृपया’ म्हणे. बसमध्ये तिकीट हातात ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. बहीण नाशिकला होती, ती राखी पडद्यावर दाखवी आणि मास्तर मनगट पडद्यासमोर धरत. उरला तायडेचा अंगठा. पंधरा दिवसांतून एकदा, दहा सेकंद. शिवाय साधा हात लागला तर लागला आणि गेला. हा अंगठा उचलल्यावरसुद्धा अडतीस सेकंद तिथे जागा धरून राही.

आषाढात मास्तरांना स्वतःच्याच जिन्यावर मधे दोनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा बसले तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी दवाखान्याला कळवलं.

डॉक्टर रुक्साना मुजावर या सब्जाची लस काढणाऱ्या गटातल्या सगळ्यांत धाकट्या होत्या. गट पांगला, बाकीचे मोठमोठ्या जागी गेले. मुजावर धामणखेडच्या दवाखान्यात आल्या, आणि का आल्या असं विचारलं तर ‘बघायला’ म्हणत. त्यांनी मास्तरांच्या पायावरून एक सपाट यंत्र वीतभर अंतरावरून फिरवलं आणि आकडा वाचला.

“साडेदहा लिटर. आणि रक्तदाब एकशे नव्वद. सर, तुम्ही झोपताना उशा किती घेता?”

“तीन.”

“मागच्या वर्षी?”

“एक. पण ती चांगली होती.”

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, “सब्जा म्हातारा होतो, सर. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. तरुण जाळं पाणी धरतं, म्हातारं गळतं. ते पाणी रक्तात उतरतं. रक्तात पाणी वाढलं की हृदयाला जास्त ढकलावं लागतं. ढकलून ढकलून ते थकलं की पाणी मागे तुंबतं, फुप्फुसात.”

“म्हणजे माणूस आपल्याच आत बुडतो.”

“आमच्या नंतरच्या अहवालात वाक्य जरा लांब होतं. पण हो.”

“माझ्या दारावर तर मनाई लिहिली आहे.”

“सर, गोळी का घेत नाही? लागू पडत नाही हे तायडेंना सांगा. मला नको.”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तेही त्यांनी नीट पाहून घेतलं. “गोळी घेतली की तायडे यायचा बंद होतो,” ते म्हणाले.

“त्यांना चहाला बोलवा.”

“चहाला आलेला माणूस चहा पितो, डॉक्टर.”

मुजावरांनी यंत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, “तुम्ही एकटेच नाही. सोडणी झालेले लोक माझ्याकडे येतात. काही होत नसतं. पायाला सूज नसते आणि म्हणतात, एकदा दाबून बघा. एक बाई चोरून लोणच्याचा खार पितात, पाय सुजावेत म्हणून. आम्ही पाणी साठवण्याचं शास्त्र केलं. दाबून बघणारा माणूस नियमावलीतल्या चुकीने आत आला होता. लोकांना सवय लागली ती त्याची.”

“मग त्याचीच लस काढा.”

“नाही निघत ती.” त्यांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. “असंच चाललं तर तुम्हाला दिवाळी दिसत नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही.”

“कशाला सांगता मग?”

“तुम्ही विचारणार नाही म्हणून.”

त्यांनी एक तोड काढली. साडेदहापैकी नऊ लिटर काढायचं, सावकाश. दीड लिटर घोट्याशी राहिलं तर हृदयाचं काही बिघडत नाही. हे ऐकून मास्तर कितीतरी दिवसांनी ताठ बसले. नियम बावीस त्यांना पाठ होता. धरणाच्या दरवाजाच्या खाली जे पाणी राहतं, जे कधी सोडता येत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. आणि मृतसाठा शिल्लक आहे तोवर साठा नोंदीतून काढता येत नाही.

“म्हणजे तायडे येणार.”

“नियम तुमचा. मला गोळीचं विचारा.”

“विचारतो. गोळीचं काय?”

“सकाळी घ्यायची. उठताना हळू उठायचं, चक्कर येते. रोज एक केळं खायचं, कारण पाण्याबरोबर अंगातले चांगले क्षारही जातात. आणि खडूच्या डबीत ठेवायची नाही. बोटांना खडू आहे तुमच्या. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तुम्हाला.”

एवढ्या मोठ्या सोडणीसाठी खात्याचा अर्ज लागे. त्यात एक वाक्य छापलेलं होतं : ‘मी सदर साठ्यातील / साठ्यावर पाणी सोडत आहे. (लागू नसेल ते खोडावे.)’ मास्तरांनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. मृतसाठा आत राहणार आणि त्याच्या वरचं तेवढं पाणी जाणार, असा त्यांनी विचार केला. वरचं, म्हणजे वर. त्यांनी ‘साठ्यातील’ खोडलं, ‘साठ्यावर’ ठेवलं, आणि खाली सुरेख वळणदार सही केली. ते चित्रकलेचे शिक्षक होते. मराठीच्या शिक्षकाच्या हातून हे झालं नसतं.

अर्जाला मंजुरी यायला भाद्रपद उजाडला, आणि मंगळवारी त्यांनी पहिली गोळी घेतली.

बारा दिवस मास्तर घर आणि मोरी यांमध्ये फिरत राहिले. पाय खाली उतरत गेले. आधी बोटांमधल्या फटी दिसल्या, मग तळपायाच्या वरच्या शिरा, मग घोट्याची गाठ. कितीतरी वर्षांनी आपलेच घोटे पाहून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. कोणाच्या तरी खोलीत न विचारता शिरावं तसं. चपला निसटू लागल्या. तीन उशांच्या दोन झाल्या, दोनांची एक, आणि तीच ती चांगली. तेराव्या दिवशी ते जिना एका दमात चढले, आणि वर पोहोचल्यावर करण्यासारखं काही नसल्यामुळे पुन्हा उतरले. डॉक्टरांनी यंत्र वीतभर अंतरावरून फिरवलं. दीड लिटर, रक्तदाब एकशे चौतीस.

पुढच्या मंगळवारी मास्तरांनी स्टूल पुसून ठेवलं. डावा पाय धुतला, उजवाही धुतला, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

जिन्यावर चपला वाजल्या. दारापाशी थांबल्या. पण पाटी पुसल्याचा आवाज आला नाही. स्क्रू फिरवल्याचा आला. मास्तर बाहेर गेले. तायडे पाटी काढत होता.

“मृतसाठा आहे,” मास्तर म्हणाले. “दीड लिटर. नियम बावीस.”

“नियम बरोबर आहे, मास्तर. पण तुम्ही साठ्यावर पाणी सोडलंत.”

“म्हणजे वरचं सोडलं.”

“साठ्यातलं सोडलं असतं तर वरचं झालं असतं. साठ्यावर पाणी सोडलं म्हणजे त्याच्यावरचा हक्कच सोडला, कायमचा. सही तुमची आहे. साहेबांनी तर सहीचं कौतुक केलं.” त्याने शेवटचा स्क्रू खिशात टाकला. “तुमची शेवटची नोंद होती. ती गेली, खातं बंद झालं. मला गटार मंडळात टाकलंय, पार तिकडे सागरपट्ट्यात.”

“तिथे काय दाबायचं?”

“तिथे कशाला हात लावू नका म्हणून लिहून दिलंय.”

मास्तरांनी चहा केला. तायडे पहिल्यांदाच खुर्चीवर बसला आणि खुर्चीत त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. उजवा अंगठा त्याने आधी कपाच्या कानात अडकवला, मग मुठीत लपवला. इतकी वर्षं हा साठा बघायला येणारा माणूस, पण आकडा सांगायचा नसल्यावर त्यांच्यात बोलण्यासारखं काही निघेना. पावसाचं बोलून झालं. नळाच्या पाण्याला चव नसते, हेही बोलून झालं.

मग मास्तरांनी डावा पाय हळूच स्टुलावर ठेवला.

“आहे अजून थोडं. बघ तर.”

तायडेने पायाकडे पाहिलं. पायाची हाडं दिसत होती. “मास्तर, आता हुकूम नाही,” तो म्हणाला. “हुकूम नसताना म्हाताऱ्या माणसाचा पाय दाबला तर त्याला वेगळं काहीतरी म्हणतात.”

“काय म्हणतात?”

तायडेने प्रामाणिकपणे विचार केला. “सेवा म्हणत असतील. ते मला जमायचं नाही. मी कधी केलं नाही ते.”

“अरे, तेच तर करत होतास.”

“नाही, मी पाहणी करत होतो,” तायडे म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मास्तरांनी पाय खाली घेतला.

कप बशीवर पालथा घालून तायडे उठला. पाटी काखेत धरून दारात जरा घुटमळला. “बरं मास्तर, येतो,” तो म्हणाला आणि गेला. आपल्याकडे जाणारा माणूस ‘येतो’ असंच म्हणतो. मास्तरांना हे माहीत होतं. तरीही मंगळवार आड मंगळवार ते स्टूल पुसत राहिले.

कार्तिकात, दिवाळी दिसली त्या दिवशी, त्यांनी स्वतःच आपली नडगी दाबून पाहिली. चार बोटं मोजली, अंगठा रोवला, दहा आकडे म्हटले. खळगा पडला. अकरा सेकंदांत भरला. मास्तर त्याच्याकडे बघत बसले, पण तो कोणाचा म्हणून बघायचं हे त्यांना ठरवता येईना. दुसऱ्या पायावर करून पाहण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पायाचं एक चित्र काढलं, पेन्सिलीने, खळग्यासकट, छाया नीट देऊन. मग एक कोरा कागद घेतला.

प्रति,
मा. उपअभियंता,
देहसाठा खाते (बंद),
धामणखेड.

विषय : मृतसाठ्याची पाहणी पुढे चालू ठेवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, साठा क्रमांक ११७ (माजी) येथे अद्याप दीड लिटर मृतसाठा शिल्लक असून भराव मऊ आहे. अर्जदाराने साठ्यावर पाणी सोडले ही बाब खरी आहे. तथापि, ते अव्यय लावण्यात झालेल्या चुकीमुळे सोडले गेले, मनाने सोडलेले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अर्जदाराची प्रकृती उत्तम असल्याचे कळविले आहे. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

तरी नियम चौदा अन्वये पंधरा दिवसांतून एकदा, दहा सेकंदांकरिता, एक अंगठा मंजूर होण्यास विनंती आहे. अंगठा कोणत्याही संवर्गातील चालेल. मंगळवार सोयीचा नसल्यास वार कळवावा. अर्जदार सर्व दिवशी घरीच असतो. पाटी परत न मिळाल्यास हरकत नाही.

सोबत : पायाचे चित्र (डावा), एक प्रत.

आपला विश्वासू,
डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा
(अर्जदार साक्षर आहे.)